फोनवरची डॉक्टरीण : बहिणींनी लाज बाजूला ठेवून वाचावं असं काही

मागच्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत शाळेत पालकसभा होती. सगळे पालक निघून गेले, तरी एक आई वर्गाच्या दाराशी रेंगाळत होती. मुलाच्या अभ्यासाबद्दल काही असेल असं मला वाटलं. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘मॅडम, एक बात पूछनी थी, आप किसी को बोलना मत.’

सहा महिन्यांपासून तिची पाळी बारा-तेरा दिवस चालत होती. चढ चढताना दम लागायचा, कामावर उभ्या-उभ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरात तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की मेहकरला जावं लागणार, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार, सोबत कुणीतरी माणूस लागणार आणि डॉक्टर पुरुष असला तर काय, ही वेगळीच धास्ती. ‘सब बायकांना होतंच की,’ असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली होती.

त्या दिवशी वर्गातल्या बाकावर बसून, माझ्या फोनवरून आम्ही सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांशी बोललो. पहिल्यांदा नेटवर्क गेलं. दुसऱ्यांदा एक डॉक्टर बाई समोर आल्या. त्यांनी पाच-सहा प्रश्न विचारले आणि स्पष्ट सांगितलं, ‘हे गोळीनं निपटणारं नाही. रक्त तपासा, पोटाची सोनोग्राफी करा, उद्याच जा.’ हिमोग्लोबिन सातच्या खाली निघालं. गर्भाशयात गाठ होती. दवाखान्यात भरती करून रक्त द्यावं लागलं, पुढं उपचार झाले. आज ती बरी आहे.

फोननं तिला बरं केलं नाही. बरं केलं दवाखान्यानं. पण सहा महिने अडलेलं पहिलं पाऊल फोनमुळे पडलं. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे. घरबसल्या मिळणारा डॉक्टरी सल्ला कुठं कामाचा आहे, कुठं अजिबात नाही, आणि तो घेताना आपली अब्रू व जीव दोन्ही कसे सांभाळायचे, ते आपण क्रमानं बघू.

ही सेवा आहे तरी काय?

आपलं हिवरा आश्रम विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादामुळे दूरदूरपर्यंत माहीत आहे. पण इथल्या किंवा आसपासच्या वस्तीतल्या बाईला स्त्रीरोगतज्ज्ञ गाठायचा तर मेहकर, नाहीतर थेट बुलढाणा. ही अडचण फक्त आपली नाही, देशभरातल्या खेड्यांची आहे. म्हणून केंद्र सरकारनं ई-संजीवनी नावाची मोफत सेवा सुरू केली. मोहालीच्या सी-डॅक संस्थेनं ती तयार केली आहे. तिचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार आरोग्य केंद्रातला. उपकेंद्रात, म्हणजे ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथं, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ते तुमचा बीपी, वजन, हिमोग्लोबिन तपासतात आणि तिथूनच संगणकावर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी तुमची गाठ घालून देतात. हे काम नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. ज्या बहिणीला स्मार्टफोन हाताळता येत नाही तिच्यासाठी हाच रस्ता उत्तम.

दुसरा प्रकार थेट घरून. हा लॉकडाऊनमध्ये, १३ एप्रिल २०२० ला सुरू झाला. फोनवर ॲप किंवा वेबसाइट उघडायची, मोबाईल नंबर टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा, नाव-वय लिहायचं, राज्य आणि विभाग निवडायचा, टोकन घ्यायचं आणि नंबर आला की व्हिडिओवर बोलायचं. बोलणं झालं की डॉक्टरांची चिठ्ठी फोनवरच मिळते. ती जपून ठेवायची.

फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेवर १० कोटी सल्ले देऊन झाले होते, आणि सरकारच्या तेव्हाच्या आकडेवारीप्रमाणे लाभ घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांहून जास्त महिला होत्या. म्हणजे बाया विचारायला तयार आहेत. फक्त विचारण्याची जागा हवी.

हे सगळं कायद्यात बसतं का? बसतं. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले. त्याप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओ, फोन किंवा मेसेजवर सल्ला देऊ शकतात. डॉक्टरांनी आपलं नाव आणि नोंदणी क्रमांक सांगायचा असतो, तुमची माहिती गुप्त ठेवायची असते, आणि प्रत्यक्ष तपासल्याशिवाय भागणार नाही असं वाटलं तर तसं सांगून दवाखान्यात पाठवायचं असतं. मुलगी अल्पवयीन असेल तर सोबत मोठं माणूस असणं सक्तीचं आहे. आई, खाला, फुफी, कुणीही विश्वासाची बसावी.

फोन कुणाच्या हातात आहे?

आता खरी अडचण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या फक्त ५४ टक्के महिलांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला तर ३३ टक्केच होत्या. आपल्या घरांत काय वेगळं आहे? फोन शौहरच्या नाहीतर मुलाच्या खिशात. ओटीपी त्याच्याच नंबरवर येतो. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्याच फोनमध्ये राहते. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर बाई डॉक्टरला ‘सब ठीक है’ एवढंच सांगते.

यावर मला सुचलेले उपाय साधे आहेत. घरात जमत नसेल तर उपकेंद्रात जा, आशाताईला विचारा, शाळेतल्या बाईला विचारा, मैत्रिणीच्या घरी जा. दार लावून बसा, इअरफोन लावा. दुसऱ्याच्या फोनवरून बोलला असाल तर चिठ्ठी कागदावर उतरवून घ्या आणि नंतर ॲपमधून बाहेर पडा. मुलगा फोन हाताळून देत असेल तर जोडून देईपर्यंतच त्याला थांबवा, मग बाहेर पाठवा.

आणि घरातल्या पुरुषांनाही एक विनंती. बायकोला, बहिणीला, आईला अर्धा तास फोन आणि एक रिकामी खोली द्या. एवढीच मदत पुष्कळ आहे.

पडदा, पुरुष डॉक्टर आणि कॅमेरा

बऱ्याच बहिणींची शंका असते, व्हिडिओवर चेहरा दाखवावा लागेल का, डॉक्टर पुरुष निघाला तर? खरं सांगायचं तर बाई डॉक्टरच मिळतील याची हमी नाही. पण स्त्रीरोग विभाग निवडला, किंवा उपकेंद्रात आधी सांगून ठेवलं, तर शक्यता वाढते. पुरुष डॉक्टर समोर आले तर ‘मला महिला डॉक्टरांशी बोलायचं आहे’ असं म्हणायला काही हरकत नाही. फक्त तब्येत गंभीर असेल तर वाट बघत बसू नये. जीव वाचवण्यासाठी पुरुष डॉक्टरकडून उपचार घ्यायला आपल्या दीनमध्ये मनाई नाही, हे आपले उलमाही सांगतात.

कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अवघड जागेची तपासणी व्हिडिओवर करायची नसते, त्यासाठी दवाखाना आहे. फोनवर कुणी तसा फोटो किंवा व्हिडिओ मागितला तर फोन बंद करा आणि घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा. खोटा डॉक्टर ओळखायची ही पहिली खूण.

आणि लाज? हजरत आयशा (र.) यांनी मदिनेच्या अन्सारी स्त्रियांची तारीफ केली होती, ती यासाठी की लाजेपायी त्या विचारायच्या थांबल्या नाहीत. त्या स्त्रिया पाळी, गुस्ल यांचे मसले थेट विचारत. मग आपण आपल्या दुखण्याबद्दल डॉक्टरला विचारताना का कचरावं?

बोलण्याआधी कागदावर काय लिहून ठेवायचं

डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : शेवटची पाळी कधी आली? आपल्याकडं उत्तर येतं, ‘शब-ए-बरातच्या दोन दिवस आधी’ किंवा ‘कापूस वेचायला लागले तेव्हा’. डॉक्टरला तारीख लागते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळी सुरू झाली त्या दिवशी एक छोटी खूण करत चला. कुणाला कळतही नाही आणि कामही होतं. गर्भाचे महिने आणि बाळंतपणाची तारीख सगळं याच खुणेवरून मोजतात.

याशिवाय कागदावर लिहा : वय, मुलं किती, सिझर झालं आहे का, आधी कधी गर्भ पडला का, बीपी-शुगर-थायरॉईड आहे का, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का. गोळ्यांची पाकिटं जवळ ठेवा, म्हणजे नाव वाचून दाखवता येतं. जुने रिपोर्ट असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा.

भाषेची चिंता नको. ‘अंगावरून पांढरं जाते’, ‘सफेद पानी’, ‘माहवारी’, ‘एमसी’ यातलं काहीही म्हणा, डॉक्टरांना समजतं. फक्त ‘तिथं दुखते’ असं म्हणून थांबू नका. ओटीपोटात की कमरेत, लघवी करताना की संबंधाच्या वेळी, किती दिवसांपासून, हे सांगा.

फोनवर निभावतं अशी कामं

पाळीतली पोटदुखी, पाळी पुढे-मागे होणं, अंगावरून पांढरं जाणं, गरोदरपणातली मळमळ, गोळ्या कशा घ्यायच्या, रिपोर्टचा अर्थ काय, दूध पाजताना कोणतं औषध चालतं, रमजानचे रोजे गरोदरपणात ठेवावे की नाही, असे प्रश्न फोनवर सुटू शकतात.

काही गोष्टी तर डॉक्टरांना विचारण्याआधीच माहीत असाव्यात. मुलीला पाळी नवीन आली असेल तर पहिली दोन-तीन वर्षं ती पुढे-मागे होऊ शकते, घाबरू नये. थोडं पांढरं जाणं नैसर्गिक आहे. पण त्याला वास असेल, खाज असेल, रंग हिरवट किंवा दह्यासारखं घट्ट असेल तर औषध लागतं, आणि कधी कधी नवऱ्यालाही सोबत उपचार घ्यावे लागतात. पाळी लांबली तर आशाताईकडं तपासणीचं किट मिळतं, आधी ते वापरा.

रक्त कमी असणं तर आपल्या घराघरातलं दुखणं आहे. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयातल्या सुमारे ५४ टक्के महिलांना रक्तक्षय होता. दोघींतली एक! लोहाच्या लाल गोळ्या गरोदरपणात १८० आणि बाळंतपणानंतर १८० अशा सरकारकडून मोफत मिळतात. चहासोबत घेतल्या तर अंगी लागत नाहीत, लिंबूपाण्यासोबत घ्या. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या. शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दोन मुलांत अंतर ठेवण्याबाबतही फोनवर मोकळेपणानं विचारता येतं. सरकारी दवाखान्यात अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, छाया गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा), तांबी, निरोध हे सगळं मोफत आहे. कोणतं तुम्हाला चालेल हे बीपी, दूध पाजणं, आधीचे आजार यावर ठरतं. म्हणून जावेला चाललं ते मलाही चालेल असं समजू नये.

फोन ठेवा आणि निघा

पुढच्या गोष्टींसाठी फोनवरच्या डॉक्टरची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. गरोदर आणि बाळंतीण बायांसाठी १०२ ची गाडीही मोफत आहे.

गरोदरपणात अंगावरून रक्त जाणं. डोकं फार दुखणं आणि डोळ्यांपुढे धूसर दिसणं. चेहऱ्यावर, हातांवर सूज. झटके येणं. पाणी जाणं. बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं. बाळंतपणानंतर धो-धो रक्त जाणं किंवा थंडी वाजून ताप येणं. पाळी चुकलेली असताना अचानक पोटात एका बाजूला जोराची कळ येऊन चक्कर येणं. गर्भ नळीत राहिला तर असं होतं आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. तासा-दोन तासांत पॅड किंवा कपडा पूर्ण भिजत असेल तर तेही तातडीचं समजा.

तातडीचं नाही, पण फोनवर कधीच मिटत नाही अशीही दुखणी आहेत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, स्तनात गाठ लागणं, यात प्रत्यक्ष तपासणीच हवी. तीस वर्षांवरील महिलांची गर्भाशयाच्या तोंडाची आणि स्तनाची तपासणी आरोग्य केंद्रांवर मोफत होते. दुखत नसतानाही करून घ्या.

गरोदर बाईनं तर फोनच्या भरवशावर राहूच नये. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. बीपी, रक्त, लघवी आणि बाळाचे ठोके फोनवरून मोजता येत नाहीत.

गर्भपाताबद्दल खरं-खोटं

या विषयावर कुजबुज खूप आणि माहिती कमी. प्रत्येकीनं आपला दीन आणि परिस्थिती पाहून, उलमांना विचारून ठरवावं. मी इथं फक्त कायदा आणि तब्येत याबद्दल बोलते.

१९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. ठरावीक कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि काही विशेष परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. १८ वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पण दुकानातून किंवा ऑनलाइन गोळ्या मागवून घरी खाणं हा जिवाशी खेळ आहे. किती आठवडे झाले आहेत, गर्भ नळीत तर नाही ना, अंगात रक्त किती आहे, हे तपासल्याशिवाय त्या गोळ्या घ्यायच्या नसतात. अर्धवट गर्भपात होऊन रक्तस्राव थांबत नाही, अशा अवस्थेत बाया दवाखान्यात येतात. असं झालं तर घाबरून लपवू नका, कोणती गोळी कधी घेतली ते डॉक्टरला खरं सांगा. आणि मुलगा की मुलगी हे विचारणं व सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, फोनवरही आणि इशाऱ्यानंही.

फसवणूक टाळा

ई-संजीवनीला पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर ती ही सेवा नव्हे. मीसुद्धा एकदा फसले. एका खासगी ॲपवर पैसे भरले, डॉक्टरांनी दोन मिनिटांत बोलणं संपवलं आणि त्यांच्याच दुकानातून पावडरी घ्यायला सांगितल्या. नाव विचारलं, नोंदणी क्रमांक विचारला, उत्तर नाही. तेव्हापासून मी आधी नोंदणी क्रमांक विचारते. ‘पीसीओडी मुळापासून बरं’, ‘एका महिन्यात हमल’ अशा जाहिराती दिसल्या की पुढे सरका. बँकेचा ओटीपी कोणताही डॉक्टर मागत नाही.

दोन नंबर अजून लिहून ठेवा. आरोग्याच्या सल्ल्यासाठी महाराष्ट्रात १०४, साध्या बटणाच्या फोनवरूनही लागतो. बाळंतपणानंतर सतत रडू येणं, झोप न लागणं, बाळ नकोसं वाटणं, असं असेल तर टेलिमानसचा १४४१६. याला जिन किंवा नजर समजून घरात कोंडून ठेवू नका. हा आजार आहे आणि तो बरा होतो.

शेवटी

ती आई आता पालकसभेला आली की मागच्या बाकावर बसत नाही. मागच्या वेळी तिनं आपल्या जावेला सोबत आणलं होतं. सभा संपल्यावर दोघी थांबल्या. जाऊ काही बोलेना, तर हीच म्हणाली, ‘बोल ना, मॅडम को सब पता है.’ मला सगळं पता नाही, मी मास्तरीण आहे. पण फोन कुठं लावायचा आणि कधी गाडी बोलवायची, एवढं मला माहीत आहे, आणि हा लेख वाचून तुम्हालाही माहीत झालं.

आज घरी गेल्यावर एक काम करा. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला १०२, १०४, १०८ आणि १४४१६ हे चार नंबर मोठ्या अक्षरात लिहा, आणि घरातल्या मुलीला ते कशासाठी आहेत ते समजावून सांगा. अल्लाह आपल्या सर्व बहिणींना सेहत देवो.